देवाचे डोळे आणि हमरापूरचा तह

पेण,
सोमवार, ११ ऑगस्ट २०२५

चि. कमळाकरभावजी यांस,

रविवार, दिनांक १० ऑगस्ट २०२५ रोजी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी तुम्ही हमरापुरात, आपला गणपती जिथे घडतो त्या कारखान्यात, हातात खडू घेऊन दोन जावांच्या भांडणात शिरलात. तुम्हाला कोणीही बोलावलं नव्हतं.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला शिकवायच्या की तक्रार लिहिताना आधी तारीख लिहावी, मग वेळ, आणि राग सगळ्यात शेवटी. तारीख झाली. वेळ झाली. आता रागाकडे येते.

तुम्हाला मी एवढंच सांगितलं होतं की रोह्याहून येताच आहात तर आपली मूर्ती नीट सुकली का ते बघून या. बघायचं, मान हलवायची आणि परत यायचं. प्रविण आणि हितेश हे दोघं सख्खे भाऊ कितीतरी वर्षं एका शेडखाली मूर्ती घडवतात आणि त्यांच्या बायका, थोरली अनिता आणि धाकटी दिपिका, देवाचे डोळे आखतात. एका वर्षी आपल्या मूर्तीचे डोळे अनिता आखते, पुढच्या वर्षी दिपिका. गेल्या वर्षी पाळी दिपिकाची होती, पण ती बाळंतपणाला माहेरी गेली आणि डोळे अनितानं आखले. यंदा दिपिका म्हणते राहिलेली पाळी माझी, अनिता म्हणते यंदाचं वर्ष माझं. त्यावरून दोघी आठ दिवस बोलत नाहीत. आपली मूर्ती त्यांच्या सासूच्या वेळेपासूनची, म्हणून आधी तिचे डोळे, मग बाकीच्यांचे, अशी त्या घरची रीत. त्यामुळे आणखी चाळीस मूर्ती डोळ्यांविना उभ्या आहेत.

हे भांडण त्यांचं होतं. लहान होतं. घरातलं होतं. तुम्ही त्याचा आंतरराष्ट्रीय प्रश्न केलात.

मला कळलेलं असं, की तुम्ही शेडच्या मधोमध खडूची रेघ मारलीत. पाण्याचा नळ अनिताकडे गेला आणि विजेचं बटण दिपिकाकडे. एका मूर्तीची सोंड अनिताच्या हद्दीत आहे आणि तिचाच उंदीर दिपिकाच्या. प्रविण-हितेशला तुम्ही रेघेवर प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून शांतिसेना म्हणून बसवलंत. ते दोघे दोन्हीकडचा चहा पितात आणि काम कोणीच करत नाही. वर तुम्ही कलमं घातलेला कागद लिहून दोघींच्या सह्या घेतल्यात. त्याची नक्कल माझ्या हाती आली आहे. कलम चार मी तीनदा वाचलं: ‘पेणच्या मूर्तीचा उजवा डोळा अनिताने व डावा डोळा दिपिकाने आखावा. एकीने दुसरीच्या डोळ्यास हात लावू नये.’

भावजी, देवाचे दोन्ही डोळे एकाच हातानं, एका बैठकीत आखतात. हमरापुरात हे शेळ्यांनासुद्धा माहीत आहे.

तुमच्या दादांना मी सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, “दोघांचंही बरोबर आहे,” आणि पेपर उलटला. लग्न झाल्यापासून ते अलिप्त राष्ट्र आहेत.

शुक्रवारी आपल्या ज्येष्ठ मंडळात वादविवाद आहे. विषय तुम्हीच सुचवलात: बलाढ्य राष्ट्राने इतर देशांच्या भांडणात हस्तक्षेप करावा का? तुम्ही बाजूने, मी विरोधात. तेव्हा गुरुवार, १४ तारखेच्या संध्याकाळी पाचच्या आत कलम चार रद्द केल्याचं लेखी कळवा. नाहीतर तुमचा तह मी माईकवरून वाचून दाखवीन.

हे पत्र आमची शेजारीण शीतल आणून देईल. ती रोज गाडीने रोह्याच्या शाळेत शिकवायला जाते. उत्तर तिच्याचजवळ द्या. फोन करू नका, फोनवर तुम्ही दुसऱ्याला बोलू देत नाही.

आशीर्वाद आहेतच.
इंदुवहिनी

❋

रोहा,
बुधवार, १३ ऑगस्ट

ति. वहिनींस सा. न.

पत्र पोचलं. शीतल बिचारी उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली, “काका, हातात धरलं तरी गरम लागतंय.”

वहिनी, मी तीस वर्षं कंपनीत कामगार अधिकारी होतो. युनियन आणि मॅनेजमेंट एकमेकांकडे पाठ करून बसायचे आणि मध्ये मी. माझ्या खडूच्या रेघेला तुम्ही हसता, पण अशाच रेघांवर तीन शिफ्ट सुरळीत चालल्या.

तुम्ही म्हणता, त्यांचं त्यांना बघू द्यावं. आठ दिवस त्यांनी बघितलंच की. काय झालं? चाळीस देव आंधळे उभे! शेजारच्या घरातून धूर येत असेल तर ज्याच्या हातात बादली आहे त्यानं काय खिडकी लावून घ्यायची? ‘आम्ही मध्ये पडत नाही’ म्हणणारा मोठा माणूस खरं तर पडलेलाच असतो. ज्याचा हात वर आहे त्याच्या बाजूने पडलेला असतो, एवढंच. अनिता थोरली, तिचा आवाज मोठा, शेडची किल्ली तिच्या कमरेला. दिपिकाचं कोण ऐकणार होतं? मी ऐकलं. शुक्रवारी मी हेच बोलणार आहे. आधी सांगून ठेवतो, म्हणजे तुम्हाला तयारी करता येईल.

कलम चार रद्द होणार नाही. एकदा मागे सरकलो की माझ्या शब्दाला किंमत काय?

दोघींना मी माझा नंबर देऊन ठेवलाय, तक्रार असेल तर कधीही लावा म्हणून. काल नऊ फोन आले. त्यांपैकी चार मांजराबद्दल होते. मांजर दिपिकाचं आहे आणि ते रेघ पाळत नाही. मांजराबद्दल कलम घालायचं राहिलं, ही माझी चूक मी मान्य करतो.

आता जाता जाता एक विचारतो. रविवारी तुम्ही हमरापुरात नव्हतात. मग सोंड कुठे आणि उंदीर कुठे, हे तुम्हाला कोणी सांगितलं? आणि अनिताकडे शून्य नंबरच्या नव्या कोऱ्या ब्रशांचा डबा दिसला. डब्यावर कॉन्व्हेंटच्या वळणदार अक्षरात ‘फक्त अनिताकरिता’ असं लिहिलेलं होतं. असं अक्षर पेण तालुक्यात किती जणांचं आहे?

आपला,
कमळाकर

❋

पेण,
शनिवार, १६ ऑगस्ट

चि. भावजी यांस,

ब्रश मीच दिले. त्याला मदत म्हणतात. अनिताचे ब्रश झडले होते आणि तिनं माझ्याकडे बोलून दाखवलं. बोलताना शेडमधलं आणखी काही तिच्या तोंडून आलं, ते मी ऐकून घेतलं. ऐकणं हा हस्तक्षेप नाही.

आणि तुम्ही दिपिकाला काय दिलंत ते मला कळणार नाही असं वाटलं? टेबलावर अडकवायचा, मान वळणारा दिवा! “डावा डोळा अंधारात राहू नये म्हणून.” काल तिनंच तो मला दाखवला आणि म्हणाली, “काकांनी दिला. काकी, तुमी मला काय देनार?” दोन आठवड्यांत त्या शेडमध्ये इतकं सामान जमलंय की मूर्ती ठेवायला जागा नाही.

कालच्या सभेत तुम्ही छान बोललात. धुराची आणि बादलीची टाळी मोठी होती. पण पापडाच्या मुद्द्यावर तुम्ही गप्प का झालात? मी पुन्हा विचारते, इथे घंटा नाही. रोह्याला तुमच्याच मजल्यावर दोन शेजारी चपलांच्या स्टँडवरून वर्षभर भांडताहेत. तिथे तुम्ही कधी खडू नेलात? नाही नेला, कारण तिथे कोणी पोह्याचे पापड करत नाही. हमरापुरात दिपिका करते. बलाढ्य राष्ट्रांना दया येते ती बघून बघून येते. ज्या देशात जमिनीखाली काही नाही तिथला आक्रोश त्यांना ऐकू जात नाही. रविवारी तुम्ही तह केलात आणि पिशवी भरून पापड घेऊन रोह्याची गाडी पकडलीत. शीतल त्या दिवशी पाहुण्यांना सोडायला स्टेशनवर होती, तिनं पिशवी बघितली आहे.

परीक्षकांनी पहिला क्रमांक कोणालाच दिला नाही आणि आपल्या दोघांना दुसरा दिला. त्यांनाही पेणमध्येच राहायचं आहे.

भाषणात तुमचा तह वाचायचा होता आणि एक गोष्ट सांगायची होती, घंटेमुळे दोन्ही राहिलं. म्हणून गोष्ट इथे लिहिते. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते तेव्हाची. लांबचा कॉल जोडून दिला की लाइन नीट लागली का ते ऐकायचं आणि आपण बाजूला व्हायचं, हा नियम. अठ्ठावीस वर्षं पाळला, एक दिवस सोडून. त्या दिवशी एक नवरा मुंबईहून आणि बायको पेणहून भांडत होते. बायकोचं शंभर टक्के बरोबर होतं. मला राहवलं नाही. मी मध्येच म्हणाले, “अहो, त्या बरोबर बोलताहेत.” मग दोघांनी मिळून मला असं झोडपलं की काय सांगू! “तुम्हाला कोणी विचारलं?” नवरा म्हणाला. “तुमचा नंबर द्या,” बायको म्हणाली. दुसऱ्या दिवशी दोघांच्या सहीचा तक्रार अर्ज आला. अक्षर बायकोचं, मजकूर नवऱ्याचा.

यातून जे शिकायचं ते शिका. कलम चार अजून तसंच आहे. चतुर्थी पुढच्या बुधवारनंतरच्या बुधवारी, २७ तारखेला.

इंदुवहिनी

❋

रोहा,
मंगळवार, १९ ऑगस्ट

ति. वहिनींस सा. न.

पापड नऊ होते. पिशवी मोठी होती, म्हणून जास्त वाटले. तुमची साक्षीदार गणिताची शिक्षिका आहे, तिला विचारा.

आनंदाची बातमी. काल दुपारी तीन वाजता तहाची अंमलबजावणी झाली. मी स्वतः हजर होतो. आधी अनिता आली, तिनं उजवा डोळा आखला आणि निघून गेली. मग दिपिका आली, तिनं डावा आखला आणि निघून गेली. एकमेकींशी एक शब्द नाही. शांतता अशी की प्रविणला खुर्चीवर डुलकी लागली. अशी शिस्त मी कंपनीतसुद्धा बघितली नाही.

फोटो शीतलच्या हाती पाठवतो. दोन डोळ्यांत थोडासा फरक आहे. एकीचा हात वेगळा, दुसरीचा वेगळा, तेवढं चालायचंच. लांबून कळत नाही. हार घातल्यावर मुळीच कळणार नाही.

आपला,
कमळाकर

❋

पेण,
बुधवार, २० ऑगस्ट

भावजी,

हार डोळ्यांवर घालतात का?

अनिताचे डोळे नेहमी अर्धे मिटलेले, शांत असतात. दिपिकाचे टपोरे, उघडे असतात. दोन्ही सुंदर. पण वेगवेगळ्या देवांवर! फोटोतला आपला देव उजव्या डोळ्यानं नैवेद्य संपवून लवंडलेला आहे आणि डाव्या डोळ्यानं ‘माझी गाडी कुठे गेली’ म्हणून डोलवी गावाच्या दिशेनं बघतोय. मी फोटो तुमच्या दादांसमोर धरला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी पेपर पूर्ण खाली ठेवला. म्हणाले, “हा आपल्याकडे बघत नाहीये.”

मी लगेच फोन करून अनिताला म्हटलं, बाई, दोन्ही डोळ्यांवर पांढऱ्या रंगाचा हात दे आणि पुन्हा आख. तर म्हणते, “काकी, डावा माझा नाय. कलम चार हाय ना.” दिपिकाला म्हटलं, तर ती म्हणते, “उजव्याला मी हात लावनार नाय. काकांनी सही घेतलेय.” म्हणजे तुमच्या शांततेचा पहारा इतका कडक आहे की देवाचा तिरळेपणासुद्धा कोणाला काढता येत नाही.

सात दिवस उरले. दिराच्या हौसेपायी आपल्या घरी यंदा असा देव बसणार. लोक आरतीला येऊन तोंडं वळवून हसणार. यापुढे आपल्या गणपतीच्या कुठल्याही कामात तुम्ही लक्ष घालू नये. बसवायला या, जेवा आणि जा.

इंदु

❋

रोहा,
शुक्रवार, २२ ऑगस्ट

वहिनी,

‘जेवा आणि जा’ हे वाचलं. दोनदा वाचलं.

बाबा गेल्यापासून दर वर्षी पाटावर मूर्ती ठेवायला एक हात दादाचा असतो आणि एक माझा. ते काम ‘लक्ष घालणं’ आहे, हे मला माहीत नव्हतं.

तुम्हाला अडचण नको. यंदापासून मी रोह्याला वेगळा गणपती बसवतो. हमरापुरात फोन करून मूर्ती सांगितली आहे. दोन्ही डोळे सारखे असलेली.

कमळाकर

❋

पेण,
रविवार, २४ ऑगस्ट २०२५, संध्याकाळी ६

चि. कमळाकरभावजी यांस,

रविवार, दिनांक २४ ऑगस्ट २०२५ रोजी, सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी, हमरापुरात, माझ्यावर अन्याय झाला. करणाऱ्या अनिता आणि दिपिका. तक्रार तुमच्याकडे करते आहे, कारण अर्धा अन्याय तुमच्यावरही झाला आहे.

तुमचं शुक्रवारचं पत्र मी कपाटात ठेवलं, मग बाहेर काढलं, मग पुन्हा ठेवलं. शेवटी ठरवलं की आता मी स्वतःच जाते आणि हे मिटवते. तुमच्या दादांना म्हटलं, चला. ते म्हणाले, “तू जा, मी घर सांभाळतो.” मी रिक्षानं गेले. होय, मीही मध्ये पडायलाच गेले होते. लिहून देते, पुन्हा विचारू नका. पर्समध्ये खडू पुसायचं ओलं फडकं घेतलं होतं.

शेडच्या दारात दोघी उभ्या. शेजारी शेजारी. खांद्याला खांदा लावून! मला वाटलं माझं स्वागतच आहे.

“काकी, चप्पल काढू नका,” अनिता म्हणाली. “आत यायचा नाय.”

मी म्हटलं, “अगं, मी रेघ पुसायला आलेय.”

“रेघ आमी कालच पुसली,” दिपिका म्हणाली. “काकांचा फोन आला ना, रोह्याला येगली मूर्ती पायजे म्हनून. मंग आमीच पुसली.”

“आणि कलम चार?”

“त्या कागदावर मांजर झोपलाय,” अनिता म्हणाली. “काकी, एक सांगू? आमचा भांडान पाळीचा होता. पंधरा मिन्टांत मिटला असता. तुमी ब्रश दिलात, काकांनी दिवा दिला, मंग आमाला वाटला, अजून थोडा भांडून बघूया, काय काय मिळता.”

आणि दोघी हसल्या. एकमेकींकडे बघून हसल्या, भावजी. तीन आठवड्यांचं भांडण आपल्या दोघांवर हसून मिटलं. मला एक्स्चेंजमधला तो तक्रार अर्ज आठवला.

मग त्यांनी मला दारातल्या स्टुलावर बसवलं, चहा दिला आणि एक कागद पुढे केला. अक्षर अनिताचं होतं, कलमं दिपिका सांगत होती. कागद तुमच्यासाठी नकलून देते:

‘एक. इंदुकाकी आणि कमळाकरकाका यांनी चतुर्थीपर्यंत कारखान्यात पाय ठेवू नये, फोन करू नये, भेटवस्तू पाठवू नये.

दोन. पेणच्या मूर्तीचे डोळे आम्ही पुसले आहेत आणि एकीनेच एका बैठकीत पुन्हा आखणार आहोत. दुसरी दिवा धरणार आहे. कोण आखणार, कोण धरणार ते सांगणार नाही. देव नीट बघतोय ना, एवढंच तुम्ही बघा.

तीन. ब्रश आणि दिवा परत मिळणार नाहीत.

चार. या घराला आमच्या सासूच्या वेळेपासून एकच मूर्ती जाते. एकच जाईल. रोह्याला वेगळी मूर्ती आम्ही देणार नाही, आणि हमरापुरात कोणी देऊ नये म्हणून सगळीकडे सांगून ठेवले आहे.

पाच. मंगळवार, २६ तारखेला संध्याकाळी पाच वाजता मूर्ती मिळेल. न्यायला काका आणि त्यांचे दादा दोघांनी यावे. एकटा आला तर देणार नाही. शेडबाहेर थांबावे.

सहा. खाली दोघांच्या सह्या पाहिजेत. एकाची चालणार नाही.’

मी म्हटलं, “हा आमच्या घरातला प्रश्न आहे. तुम्ही यात मध्ये पडू नका.”

“व्हय?” दिपिका म्हणाली. फक्त एवढंच. आणि अनितानं पेन पुढे केलं.

भावजी, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले आहे. माझ्यासमोर कोणी अशी कलमं टाकली तर मी त्यांत व्याकरणाच्या सात चुका काढते. काल-परवापर्यंत काढल्या असत्या. कलम चारपाशी माझं बोट थांबलं आणि मी सही केली. चहा संपायच्या आत केली.

‘जेवा आणि जा’ मी रागात लिहिलं. ते मागे घेते. हे वाक्य दादांना वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, “आणखी काही लिही.” एवढं मोठं विधान त्यांनी वर्षभरात केलं नव्हतं. म्हणून आणखी लिहिते: मूर्ती त्यांच्या एकट्याच्यानं उचलवत नाही. गेल्या वर्षी त्यांची पाठ धरली होती, तुम्हाला सांगितलं नाही. मूर्ती ठेवताना तुमचा हात लागतो. त्याला मी लक्ष घालणं म्हणत नाही.

साक्षीदार म्हणून दादांनीही सही केली आहे, न वाचता. हा त्यांच्या अलिप्ततेचा शेवट समजावा.

कागद सोबत आहे. माझी सही डावीकडे आहे, उजवी बाजू तुमच्यासाठी रिकामी ठेवली आहे. त्यात भर घालू नये, खाडाखोड करू नये, सातवं कलम सुचवू नये. चपलांच्या स्टँडवाल्या शेजाऱ्यांना हा कागद नमुना म्हणून दाखवायचा असेल तर चतुर्थीनंतर दाखवावा. पापड आणू नयेत. आणलेत तर नवाच्या वर आणावेत.

शीतल हे पत्र सोमवारी सकाळी तुमच्या दारात देईल आणि शाळा सुटल्यावर परत येईल. सोमवार, २५ ऑगस्ट, संध्याकाळी साडेपाचच्या आत सही केलेला कागद आणि ‘मंगळवारी येतो’ असं तुमच्या हातचं उत्तर तिच्याजवळ द्यावं. उत्तर लेखीच पाहिजे. फोन उचलला जाणार नाही.

इंदुवहिनी